गोळीवाल्यांना मी 'नाही' म्हणालो

प्रिय टकळी,

परवा तुझं बोलणं चालू असताना 'आवाज तुटतोय' म्हणून मी फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. तुझा शब्द न् शब्द ऐकू येत होता. खोटं एवढंसं, पण त्याच्या मागे बावीस वर्षांचं एक मोठं खोटं आहे. ते आज लिहितो. तोंडाने सांगायला गेलो तर तू मध्येच बोलशील, आणि गप्प बसायला मला तेवढं निमित्त पुरेल.

मी गेलो तेव्हा तू सात वर्षांची होतीस. वर्गात सांगायचीस, माझे बाबा भांडण सोडवायला गेलेत. आम्हालाही तसंच वाटायचं. त्या देशात घरचीच माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, आणि आपलं सरकार म्हणालं, आपण जाऊन त्यांना शांत करू. आम्ही तिथे कोणाला हवे आहोत का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्या तुकडीकडे नदीकाठचं एक गाव होतं. डोंगरातल्या टोळ्यांनी आणि गावातल्यांनी, दोघांनीही हत्यारं खाली ठेवायची, असं ठरलं होतं. डोंगरातल्यांनी नुसती गंजलेली नळकांडी आणून दिली, चांगल्या बंदुका ठेवून घेतल्या. गाववाले तर दारच उघडेनात.

दार उघडलं ते औषधाच्या दुकानदाराने. शिकायला तो आपल्याकडे राहिलेला, त्यामुळे आपली भाषा झकास बोलायचा. आम्ही बंदुकीच्या गोळ्या गोळा करणारे आणि तो डोकेदुखीच्या गोळ्या विकणारा, म्हणून तुकडीतल्या पोरांनी त्याचं नाव गोळीवाले पाडलं. तो हसायचा. म्हणायचा, साहेब, माझी गोळी कडू असते, पण माणूस उठून बसतो. रोज दुपारी त्याच्या दुकानातल्या बाकावर आम्ही चहा प्यायचो. तुझा फोटो मी त्याला दाखवला होता. घरोघर तोच माझ्याबरोबर फिरला. लोक त्याला विचारायचे, बंदूक दिली आणि उद्या ते डोंगरातले उतरले तर? तो माझ्याकडे बोट दाखवायचा. मी म्हणायचो, आम्ही आहोत ना. दोन महिन्यांत जवळजवळ सगळं गाव रिकाम्या हाताचं झालं.

मग एका मंगळवारी वरून निरोप आला. चार दिवसांत तळ हलवायचा. गावात कळू द्यायचं नाही, रोजचं काम चालू ठेवायचं. बुधवारी सकाळी गोळीवाले स्वतः हातगाडी ढकलत आले. शेवटच्या अकरा बंदुका होत्या. त्यातली एक त्यांच्या घरची, चादरीत गुंडाळलेली. ती हातात धरूनच त्यांनी विचारलं, साहेब, लोक म्हणतात तुम्ही निघालात, खरं का? मी म्हणालो, नाही हो, अफवा आहे, ठेवा ती तिथे. त्यांनी ठेवली. वर, असं विचारल्याबद्दल माफी मागितली.

हुकूम होता, हे खरं. पण 'नाही' हा शब्द हुकमात नव्हता, तो माझा. नुसता गप्प राहिलो असतो तरी त्या हुशार माणसाला कळलं असतं. नदी ओलांडून गाव रिकामं करायला उरलेले तीन दिवस पुष्कळ होते.

शनिवारी भर दुपारी आमचे ट्रक निघाले. लोकांना वाटलं, आमची बदली झाली, दुसरी तुकडी येतेय. गोळीवाले दुकानाच्या पायरीवर उभे राहून एकेका ट्रकमध्ये बघत होते. मला शोधत होते. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

सोमवारी डोंगरातले उतरले. आपल्या वर्तमानपत्रात त्यावर पाच ओळी आल्या. मला पदक मिळालं आणि तू ते शाळेत मिरवलंस. तुझ्या आईला मी एवढंच म्हणालो, तिकडे काही जमलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. कदाचित तिला कळलं असावं.

परवा तू सांगत होतीस, आश्रयाला आलेल्यांच्या तुझ्या भाषावर्गात एक बाई आहेत. तुझ्या टेबलावर माझा गणवेशातला फोटो पाहून त्यांनी तुझे हात धरले. त्यांचे यजमान औषधं विकायचे. गाव पेटलं तरी ते म्हणत होते, साहेबांना ठाऊक असतं तर त्यांनी मला सांगितलं असतं. रविवारी त्यांना तुमच्याकडे आणते, त्यांना तुमचे आभार मानायचे आहेत, असं तू म्हणालीस, आणि मी फोन ठेवला. त्यांना आणू नकोस. मीच येतो. त्यांनी आभार मानायच्या आत मला त्यांना सांगायचंय की मला ठाऊक होतं. तू तिथे असशील, आणि तुला ते त्यांच्यासमोर पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. त्यांनी मला दाराबाहेर काढलं तर मी जाईन. तू माझी बाजू घेऊ नकोस. त्यांच्याजवळ थांब.

तुझाच,
बाबा