कानामागची रेघ

प्रिय कुरळ्या,

डोक्यावर एकही केस उरला नाही तरी मी तुला अजून याच नावाने हाक मारते आणि तू मुकाट्याने ओ देतोस. या आठवड्यात मात्र दिली नाहीस. चार वेळा फोन केला, चारही वेळा वाजून वाजून बंद झाला. म्हणून पत्र लिहायला बसले. शाळेत पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर सांगायच्या, की माफी मागायची असेल तर ती आधी मागावी, हवापाण्याच्या गप्पा मागाहून. तर आधी माफी मागते. त्या रविवारी मी हसले, ते चुकलं माझं.

किती चाचरत सांगत होतास तू. आधी भाव विचारावेत तसं माझ्या गुडघ्यांचं विचारलंस, मग पावसापाण्याचं, आणि मग हळूच, की डॉक्टरकडे जाऊन आलोय, गालांची आणि गळ्याची लोंबलेली कातडी वर ओढून घ्यायची म्हणतोय, फेसलिफ्ट म्हणतात त्याला. पण व्रण दिसतील का, याची धास्ती वाटते. आणि मी म्हणाले, "अरे, बायका टाके केसांत लपवतात. तू कुठे लपवणार, टोपीत?" तू "बरं, ठेवतो" म्हणालास आणि फोन ठेवलास. तुझं ते "बरं" तेव्हापासून माझ्या कानात बसलंय.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, "आत्या, बाबा फक्त तुझं ऐकतात. या वयात हे काय खूळ, तूच समजाव त्यांना." तिच्याकडूनच कळलं, की दहा दिवस झाले तू दुकानात पुढे बसतच नाहीस. आतल्या खोलीत काचा घासायच्या यंत्रापाशी बसतोस, आणि पुढे गिऱ्हाइकाला चष्म्याच्या फ्रेम दाखवायचं काम तुमच्या त्या मदतनीस बाई करतात. कोणी तुझी चौकशी केली तर त्या सांगतात, साहेब चहाला गेलेत, आणि नेमकी तेव्हाच आतून तुझी शिंक ऐकू येते. पोरगी हसत सांगत होती, पण आवाज रडवेला होता. सोमवारी तुला डॉक्टरला हो किंवा नाही कळवायचंय, तेही तिनेच सांगितलं. मी नुसतं "बघते" म्हटलं.

तिला हे खूळ वाटतं, कारण ती तरुण आहे आणि तिला तू बाबा म्हणूनच दिसतोस. मला आठवतं, बायकोच्या दुखण्यात ती दोन वर्षं तू कसा वाळत गेलास. तिच्या पथ्याचं बिनमिठाचं जेवण तूही जेवायचास, तिला एकटं वाटू नये म्हणून. वीस किलो गेले तुझे. ती गेली, तुझी तब्येत सावरली, पण गालांवरची आणि गळ्याखालची कातडी रिकाम्या पिशवीसारखी राहून गेली. चष्मा बसवायला तू वाकलास की समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, बरं नाही का तुम्हाला? मागे एकदा मला म्हणाला होतास, "ताई, दिवसातून आठ वेळा मी बरा आहे म्हणून सांगतो. संध्याकाळपर्यंत माझाच माझ्यावर विश्वास राहत नाही." हे ऐकलेलं असूनही मी टोपीचा विनोद केला.

आणि व्रणांची धास्ती तुला नाही वाटणार तर कोणाला? तीस वर्षं तू लोकांच्या कानांमागे बघत आलास. दोन बोटांनी केस वर करायचे, चष्म्याची काडी कुठे टेकते ते बघायचं, वाकवायची, पुन्हा बसवायची. एकदा जेवताना तू सांगितलं होतंस, की कोणी चेहरा ओढून घेतलाय ते तुला कानामागे लगेच कळतं. नाव मात्र कधी कोणाचं घेतलं नाहीस, बायकोलाही नाही. डॉक्टरने तुला कागदावर रेघ काढून दाखवली म्हणे, कानापुढून खाली, पाळीला वळसा घालून, कानामागून वर, आणि तिथून केसांत. बाकीच्यांची रेघ केसांत शिरते आणि दिसेनाशी होते. तुझ्या कानांवर उरलेली झालरसुद्धा तू गेल्या वर्षी वस्तऱ्याने उतरवलीस. आता तुझी रेघ जाणार कुठे? तो म्हणाला कानशिलाकडे नेणार नाही, मागेही आखूड ठेवीन, कानाच्या घडीतच संपवीन. तुला ते पटलंही आणि नाहीही.

आमच्या शिवणाच्या सिस्टर कोणाचाही झगा तपासताना आधी उलटा करायच्या. म्हणायच्या, कापड स्वतःहून जिथे दुमडतं तिथे शिवण घाला, आणि शिवणीवर ताण देऊ नका. ताणलेली शिवण आज छान दिसते आणि महिन्याभरात रुंदावते. कातडीचंही तसंच असतं रे. ओढ आतल्या थरांनी सोसायची, वरच्या टाक्यांनी नाही. हे कसं करणार ते त्याला सरळ विचार. केस नसलेल्या पुरुषांचे फोटो दाखवा म्हणावं, बायकांचे नकोत, आणि तेही वर्ष उलटल्यानंतरचे. दाढीचं विचार. गालाची कातडी मागे सरकली की दाढी पार कानाला जाऊन भिडते, कधी कानामागेही उगवते, आणि तिथे वस्तरा फिरवावा लागतो. सायकलवरून पडून तुझा गुडघा फुटला होता, त्याची खूण जाड न होता सपाट बसली, हेही सांग त्याला. काहींचे व्रण दोरीसारखे फुगतात, तुझे बहुधा नाही फुगणार, पण ते त्याने बघून ठरवू दे. सुरुवातीला रेघ लालच असते. महिने जातात, मग ती गुलाबी होते, मग फिकी. कानापुढचा भाग बरेच दिवस बधिर राहतो. फोन कानाला लावला की तो दुसऱ्याच कोणाच्या कानाला लावल्यासारखा वाटतो.

आता तू विचारशील, ताईला हे सगळं कुणी सांगितलं?

अकरा वर्षं तू माझ्यावर मनातून रुसलेला आहेस. तू बोलत नाहीस, पण मला कळतं. सख्खा भाऊ चष्मे करतो आणि बहीण बाजारातल्या मोठ्या दुकानातून चष्मा आणते. तोही नाकावर तिरका बसणारा. एकत्र जेवायला बसलो की तुझी नजर माझ्या चष्म्यावर असते आणि तुझे हात शिवशिवतात. एकदा न राहवून तू टेबलावरून हात पुढे केलास, आणि मी अशी झटकन मागे सरले की पाण्याचा पेला उलटला. तू म्हणालास, "एवढा परका झालो का गं मी?" तुझ्या बायकोने विषय बदलला म्हणून निभावलं. तुला वाटलं, ह्यांचं तुझ्याशी काही बिनसलंय. मी ते तसंच वाटू दिलं. ह्यांनी बिचाऱ्यांनी तोही आळ सोसला.

खरं ते असं. तू रुसलास त्याच्या आदल्या वर्षी मी तुझ्या दुकानात बसले होते, माझा नंबर तपासायचा होता. एक सद्गृहस्थ आत आले आणि तुला म्हणाले, आधी तुमच्या आईंचं बघा, मी थांबतो. तू पोट धरून हसलास. मीही हसले. मग वर्षभर तू तो किस्सा प्रत्येक घरगुती बैठकीत सांगितलास, आवाज काढून, हातवारे करून, आणि दर वेळी मी सगळ्यांच्या बरोबरीने हसले. चारच वर्षांनी मोठी आहे रे मी तुझ्याहून. पुढच्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे शाळेतल्या मैत्रिणीकडे राहायला गेले होते ना, तशी कुठलीच मैत्रीण नव्हती. फक्त ह्यांना माहीत होतं. हेच घेऊन गेले, हेच बर्फाच्या पिशव्या बदलत उशाशी बसले, आणि का केलंस म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. परत आल्यावर तुम्ही सगळे म्हणालात, मैत्रिणीकडची हवा मानवली. तेव्हापासून मी कानांवरून केस सोडते. व्रणाची लाज नव्हती मला. पण तू दोन बोटांनी केस वर करशील, तुला क्षणात कळेल, आणि आपल्याच विनोदाने हे झालं हेही कळेल, मग तुझा चेहरा कसा होईल, ते मला बघवलं नसतं. म्हणून तुझ्या त्या खुर्चीतच बसायचं सोडलं. आणि इतकं सगळं करून, तू तेच करायचं म्हणालास तेव्हा मीच हसले.

हे पत्र तुला समजावायला लिहिलेलं नाही. हो म्हण, नाही म्हण, चेहरा तुझा आहे. फक्त माझ्या हसण्यावरून ठरवू नकोस, आणि कागदावरच्या रेघेवरूनही नको. शनिवारी पहिल्या बसने येतेय, दुकान उघडण्याआधी. लेकीला आणि बाईंना काय सांगायचं ते तू ठरव. मी केस घट्ट वर बांधून येणार आहे, व्रण सगळ्या बसला दिसले तरी चालतील. डावीकडची रेघ तुला शोधूनही सापडणार नाही. उजवीकडची कानामागे थोडी रुंदावलीय, तिथे टाक्यांवर ताण आला होता. चांगलं कसं दिसतं आणि वाईट कसं, दोन्ही एकाच डोक्यावर आहे, अकरा वर्षं जुनं. मोठा दिवा लाव, भिंग घे, हवा तेवढा वेळ बघ. एखादी बट सुटून कानावर आली तर तूच वर कर. या वेळी मी मागे सरणार नाही.

तुझीच,
ताई