ठसा टेकवायचा असतो

१७ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय शाईबाई,

सकाळी उठून पाणी भरलं. दूध तापवलं, थोडं उतू गेलं. ही सकाळच्या बसने तिच्या बहिणीकडे गेली, परवा येईल. निघताना दोनदा परत येऊन गॅस बंद आहे ना ते बघून गेली, मी घरात असूनही. दुपारी कालचीच भाजी गरम करून जेवलो, भांडी घासली. आता जेवणाच्या टेबलाशी बसलो आहे, खिडकीकडच्या खुर्चीत, म्हणजे तुझ्या. इथे उजेड चांगला येतो असं तू म्हणायचीस. खरंच येतो.

मला पत्र लिहायची सवय नाही. तू हसशील. सगळी नोकरी पोस्टात झाली, लोकांची पत्रं हाताळण्यात जन्म गेला, पण स्वतः लिहिलेली पत्रं बोटांवर मोजता येतील. फोन करता आला असता. पण फोनवर मी 'बरं आहे, बरं आहे' एवढंच म्हणतो आणि तो हिच्या हातात देतो, हे तुला माहीत आहे. आज जे सांगायचं आहे ते तशा पद्धतीने सांगून होणार नाही.

इकडचं म्हणशील तर ठीक आहे. हिचे गुडघे कुरकुर करतात आणि त्यांच्याकडे बघून ही. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि आता ते दिवसभर जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिवणीला नावं ठेवतात. परवा मला थांबवून म्हणाले, 'मास्तर, हा शर्ट शिवला कुणी, दुश्मनाने?' मी म्हटलं, तुम्हीच. तर म्हणाले, 'मग कापड वाईट असेल.'

तुझा डबा जागेवर आहे, टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला. ही रोज पुसते. अधूनमधून उघडून शाईचे पॅड पालथे आहेत ना ते बघते. पॅड पालथे ठेवायचे म्हणजे शाई तोंडाशी राहते, हे तूच आम्हाला सांगितलं होतंस. मला काही शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण पालथ्या पॅडचं मात्र लक्षात राहिलं.

तू सून म्हणून या घरात आलीस तेव्हा कपड्यांच्या बॅगांपेक्षा हा पत्र्याचा डबाच जड होता. तो मीच वर चढवला होता. मला वाटलं, पुस्तकं असतील. निघाले रबरी ठसे, रंगीत शाया, जाड कागद, कटर, रिबिनी. लोक शुभेच्छांची कार्डं दुकानातून आणतात. ती कुणी घरच्या टेबलावर तयार करतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात हिच्या पांढऱ्या चादरीवर तुझा निळा अंगठा उमटला. तीनदा धुऊनही तो गेला नाही, तेव्हा ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'सून आणली की छापखाना?' तुझा चेहरा एवढासा झाला. तर आमचे चिरंजीव आतून ओरडले, 'छापखानाच आहे आई, पण बिनपगारी!' हिला हसू आवरलं नाही. तेव्हापासून सूनबाई कुणी म्हटलंच नाही, तू शाईबाईच झालीस.

मी निवृत्त होऊन घरी बसलो आणि कुणाच्या कामाचा उरलो नाही, त्या दिवसांत तू मला समोर बसवून एक ठसा हातात दिलास. पानाचा होता. मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. पॅडवर एक थाप, कागदावर एक थाप. कपबश्या वाजल्या, पानाचा चिखल झाला. तू कागद उचलून बघितलास आणि शांतपणे म्हणालीस, 'बाबा, शिक्का मारायचा नाही. ठसा टेकवायचा असतो. टेकवायचा, जरा थांबायचं, आणि सरळ वर उचलायचा.' मी म्हटलं, पोस्टात असा थांबत बसलो असतो तर गावाची पत्रं अजून तिथेच पडून राहिली असती. पण मग मी शिकलो. पुढे मला पानं आणि फुलं बरी जमायला लागली. चेहरे तू कधी मला दिले नाहीस, तेही बरोबरच केलंस.

आमच्या पोराला मात्र काहीच जमलं नाही. कागद कापायचं काम त्याने हट्टाने घेतलं होतं. पट्टी लावायचा, एक डोळा मिटायचा, जीभ दातात धरायचा, आणि कार्ड एका बाजूला उतरतं निघायचं. तू म्हणायचीस, 'अरे, हे कार्ड आहे की घसरगुंडी?' तो म्हणायचा, 'कार्ड सरळच आहे, तुमचं टेबल तिरपं आहे.' एकदा तर त्याने खरंच टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. तो पुठ्ठा अजून आहे. ती तिरपी कार्डं तू कधी टाकून दिली नाहीस. रबर लावून डब्याच्या तळाशी ठेवत गेलीस.

मग एका सकाळी तो कामावर जायला म्हणून मोटारसायकलवर निघाला आणि पोचलाच नाही. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मला लिहिता येणार नाही आणि तुलाही ते पुन्हा वाचायला नको.

त्यानंतर तू वर्षभर आमच्यापाशी राहिलीस. तिकडची नोकरी आली तेव्हा तू नको म्हणत होतीस, आम्हीच मागे लागून पाठवलं. कपडे नेलेस, पुस्तकं नेलीस. दारात चपला घालताना डब्याकडे बघून म्हणालीस, 'तो राहू दे इथेच. पुढच्या वेळी आले की करू काहीतरी.' नंतर दर खेपेला येतेस, झाकणावर हात ठेवतेस, आणि निघताना हेच म्हणतेस. उघडला मात्र कधी नाहीस. आम्हा दोघांनाही ते कळत होतं. डबा इथे आहे, म्हणजे तुला परत यायचं आहे. हिने तर एकदा मला बोलूनच दाखवलं, 'डबा आहे तोवर पोर आहे.' शेजारच्या बाईंनी आपल्या नातीसाठी ठसे मागितले, तर ही त्यांच्याशी आठवडाभर बोलत नव्हती.

आता जे सांगतो ते मनाला लावून घेऊ नकोस.

मागच्या उन्हाळ्यात तुझ्या बोलण्यात तुमच्या ऑफिसातले ते नकाशे काढणारे गृहस्थ यायला लागले. त्यांनी तुला खुर्ची दुरुस्त करून दिली. त्यांना चहात साखर चालत नाही. एकदा तू म्हणालीस, पट्टी न लावता त्यांची रेघ सरळ येते, आणि मग एकदम गप्प झालीस. मीही गप्प झालो, कारण आपल्या दोघांना एकच गोष्ट आठवली होती. त्यानंतर त्यांचं नावच निघेना. ही म्हणाली, बदली झाली असेल. मी पोस्टातला माणूस आहे. एखाद्या घरी नेमाने येणारं पत्र अचानक बंद झालं की आम्ही आपसांत म्हणायचो, एक तर भांडण झालं, नाहीतर पत्र लिहिणाराच घरी येऊन बसला. तुझ्या आवाजात भांडण नव्हतं.

गेल्या महिन्यात विहीणबाईंचा फोन आला. तू त्यांच्यावर रागावू नकोस. आई आहेत त्या. त्या हिला म्हणाल्या, त्या नकाशेवाल्या गृहस्थांनी तुला लग्नाचं विचारलं आहे, माणूस चांगला आहे, पण पोरगी नाही म्हणते. मनात नाही म्हणून नव्हे. 'तिकडे आईबाबांना कुठल्या तोंडाने सांगू, त्यांचं आहे कोण आता, असं म्हणते हो,' म्हणाल्या आणि रडायला लागल्या. हिने सगळं ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाली, फोन ठेवला आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. मला एवढंच म्हणाली, 'म्हणजे आता ती यायची नाही.' पुढचे दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

गेल्याच्या आधीच्या रविवारी हिने नेहमीसारखा डबा उघडला. निळ्या पॅडवर बोट टेकवलं, बोट बघितलं आणि मला दाखवलं. जेमतेम डाग होता. 'वाळायला लागली बघा. वापरात नसली की वाळतेच शाई.' बराच वेळ झाकण हातात धरून ती उभी होती. मग म्हणाली, 'द्या पाठवून.'

त्याच दिवसापासून मी एका कामाला लागलो. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो. नुसता पेनाने लिहिण्याऐवजी ठसा करावा असं मनात आलं. एक मोठं खोडरबर आणलं, तुझं बारीक कटर घेतलं आणि चष्मा लावून 'माहेर' असा शब्द कोरला. दोन दुपारी गेल्या. अगदी सुबक. कागदावर टेकवला, जरा थांबलो, सरळ वर उचलला, तर सगळं उलटं! 'र' आधी, 'मा' शेवटी, आणि प्रत्येक अक्षराचं तोंड विरुद्ध दिशेला. इतकी वर्षं शिक्के मारले, पण शिक्क्याचं तोंड कधी निरखलंच नाही गं. नजर सदा कागदावर. उलटं कोरावं तेव्हा सुलटं उमटतं, हे शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. हिने तो कागद नेऊन आरशासमोर धरला, वाचला, आणि ही हसली. हुंदका असेल म्हणून मी घाईने उठलो, पण ती हसतच होती. 'पोस्टमास्तर,' म्हणाली, 'तुमच्या हातून लोकांची पत्रं पोचली कशी?' या घरात तो आवाज फार दिवसांनी झाला. दुसऱ्यांदा पातळ कागदावर लिहून, तो पालथा घालून, घासून अक्षरं उतरवली, तू करायचीस तसं. अक्षरं सुलटी आली, पण 'हे'वरची मात्रा कटरने उडाली. तिथे माझी मात्रा चालली नाही. ती पेनाने दिली आहे, समजून घे.

काल संध्याकाळी ही बॅग भरत होती. आज टेबलाशी येऊन बघतो तर डब्याशेजारी ती पांढरी चादर घडी करून ठेवलेली, आत गुंडाळायला. उलगडली, तर एका कोपऱ्यातला चौकोन कात्रीने कापून घेतलेला. निळा अंगठा होता तो. तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही.

तर शाईबाई, एवढ्यासाठी हे पत्र. त्यांना हो म्हण. आमच्यासाठी थांबू नकोस. थांबलीस तर आम्हाला बरं वाटेल, पण ते बरं वाटणं आम्हाला नको आहे. डबा तुझा आहे, तो तुझ्या टेबलावर असू दे. निळ्या पॅडमध्ये मी नवी शाई घातली आहे. तिरपी कार्डं मात्र मी काढून घेतली आहेत. ती आमच्याकडे राहू देत. एक तेवढं तळाशी ठेवलं आहे. वाटलं तर बघ, नाही वाटलं तर राहू दे. तुमच्या लग्नाचं कार्ड नव्या कागदावर कर, त्यांच्याकडून सरळ कापून घे, आणि एक इकडे पोस्टाने पाठव. हातात आणून देऊ नकोस. दारात टपाल यायला हवं. मग येशील तेव्हा डब्यासाठी येऊ नकोस, पार्सलवर पत्ता छापला आहे, त्या पत्त्यावर ये. त्यांनाही आण. बिनसाखरेचा चहा मला जमतो. आता पत्र आत ठेवतो आणि पार्सल बांधतो. सुतळीची पहिली गाठ मारली की तिच्यावर कुणीतरी बोट धरावं लागतं, नाहीतर ती सैल पडते. आधी तो धरायचा, मग तू धरायचीस. आज गाठीवर तो उलटा ठसा ठेवून बघतो. ओझं पुरलं नाही, तर दातात धरीन.

तुझेच,
बाबा