बाबा जिथे थांबायचे

२ ऑगस्ट
ज्यावर आपलाच विश्वास उरला नाही, ते दुसऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावं का? मला उत्तर देता येत नाही.
पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी विहारात बुद्धचरित्राचा ग्रंथ वाचते. हे काम बाबांचं. सातवी शिकलेले, ओळीखाली बोट ठेवून वाचायचे. एप्रिलमध्ये ते गेले. बाबांचे थोरले भाऊ, मोठेबाबा, म्हणाले, "घरात बी.ए. झालेली पोरगी असताना दुसऱ्याले कायले विचारा?"
बुद्ध कोणाला वाचवत नाही, हे ठाऊक होतं. तरी बाबा दवाखान्यात होते ते अकरा दिवस मी त्याच्याकडे त्यांचा जीव मागत होते. आता वंदनेला फक्त ओठ हलवते.

५ ऑगस्ट
बाबांवरचा लेख. भंडाऱ्याच्या एका मासिकाला महिनाअखेर द्यायचाय. दुपारी बसले तर आईची हाक, मग गॅसवाला, मग शेजारची चंद्रभागा आजी. "पोरी, माया फोन वाजतच नाही, पाहून दे जरा." आवाज बंद केलेला होता. चालू करून दिला. तरी तासभर बसली.
लेख: एक ओळ. 'माझे बाबा ज्ञानाचे उपासक होते.' खोडली. ते असे कोणी नव्हते.

११ ऑगस्ट
भाताचा रोवणा जोरात. बाया बांधीतल्या चिखलातून येतात, पाय धुऊन थेट विहारात, भिंतीला टेकून डुलक्या. आज मधली चार पानं सोडली. कोणाला कळणार? आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपवून गावाला भोजनदान आहे. मोठेबाबा रोज विचारतात, "कुठवर आलं?"
लवकर घरी येऊन लिहायला बसले. काही नाही.

१२ ऑगस्ट
चंद्रभागा आजीला एक अक्षर येत नाही. आज वाचायला घेतलं तर डोळे मिटूनच म्हणाली, "थांब पोरी. राजपुत्राले रानात सोडून सारथी छन्न घोडा घेऊन वापस येते, ते कुठं गेलं?"
"झालं ना काल आजी. तुमचा डोळा लागला होता."
खोटं. विहारात बसून.
"डोळा लागला असन, कान नाही लागले. तुया बाप तिथं थांबे."
बाबा जोडाक्षराला अडतात म्हणून थांबतात, असं मी समजायचे. कॉलेजात असताना लाज वाटायची. मी मागे, चपलांपाशी बसायचे.
"थांबून विचारे, एवढ्या दुरून आलेल्या घोड्याले कोनं पानी देल्लं असन? मंग आमी झगडो."
शांताकाकू म्हणाली, "मी म्हणो, राजाच्या सुनेनं."
"नवरा घर सोडून गेला, अन् ते घोडा पाजत बसन? तूच पाजशीन!" आजी म्हणाली.
सगळ्या हसल्या. मी पुढचं पान घेतलं, भराभर वाचून संपवलं.

१९ ऑगस्ट
आजी दुपारी पुन्हा आली. नेहमीसारखी वही मिटली नाही. विचारलं, बाबा अजून कुठे थांबायचे? तिला सहा जागा आठवल्या. एका जागी ते काही विचारायचे नाहीत, नुसते चष्मा पुसायचे. हे मला माहीत नव्हतं. मी मागे बसले होते.
ती गेल्यावर दोन पानं लिहिली. मधेच आईने शेंगा सोलायला बोलावलं. सोलता सोलता तिला आणखी एक जागा आठवली. बाबांविषयी आई एप्रिलनंतर आज पहिल्यांदा बोलली. मग उठून आत गेली. मीही शेंगा तशाच ठेवल्या.

२७ ऑगस्ट
लिहिलेलं पुन्हा वाचलं. बाबा त्यात आहेत, पण त्याने घर कमी रिकामं होत नाही.
वंदनेची पहिली ओळ आज आवाजात निघाली. दुसरी नाही.

१ सप्टेंबर
लेखाची मुदत काल गेली. पाठवला नाही.
सकाळी मोठेबाबांना सांगितलं, पानं सोडली होती, मागे जाऊन वाचते. भडकले. "पौर्णिमेले ग्रंथ संपला नाही तं काय तोंड दाखवू? भन्तेजींले शब्द देल्ला. तुया बाप धा वर्षं वाचे, एकदा बी नाही चुकला."
खरं आहे.
संध्याकाळी मेणबत्ती लावली आणि बायांसमोर उभी राहून सांगितलं, मी पानं चोरली, आजीला खोटं बोलले. मग सोडलेल्या पहिल्या पानापासून सुरू केलं. मोठेबाबा उठून निघून गेले. बाबा थांबायचे तिथे थांबत वाचलं, आज एवढं एकच पान झालं.