आधार कार्डावरची मी नको

सोमवार, ३ फेब्रुवारी
अठराला हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका — झालं, तेव्हापासून घाबरले! त्यात मी गेले तर प्रितेश माझा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावणार. पोटचा मुलगा आहे, ओळखते त्याला. त्या फोटोत मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. त्याला कायमचा हार? नाही म्हणजे नाही. माझा फोटो मीच करून ठेवणार.

मंगळवार, ४
पत्र्याचा डबा उपसला. सगळ्या फोटोंत मी नुसता खांब! एकच बरा — लग्नाआधीचा, जत्रेतल्या पाळण्यात मी आणि माझी मैत्रीण आशालता. आगपेटीएवढा, कोपरा वाळवीनं खाल्लेला. पण मी हसतेय, पुढच्या दातांतली फट दाखवत.
ह्यांना दाखवायला गेले. "जित्या मान्साचा फोटू भितीवर? मना नाय बगाचा!" उठून ओट्यावर जाऊन बसले.

गुरुवार, ६
रोडपालीहून रिक्षा करून पनवेलला, हरेशच्या स्टुडिओत. तो सराईत, मान वर न करता विचारतो, "कधी वारल्या?"
म्हटलं, "अठराला बघू."
बिचाऱ्यानं आधी मला खुर्ची दिली, मग पाणी!
"आशालताबाईंना कापू का?"
"काप. तिला मी समजावते."

सोमवार, १०
कॉम्प्युटरवर कोण ही गोरीपान बाई? दातांतली फट गायब! मागे निळे ढग!
"सगळ्यांना असंच लागतं, काकी."
"माझी फट आधी परत दे."
दीड तास ठिय्या. चहा पाजला त्यानं — प्यायले, पण हलले नाही. शेवटी फट मिळाली, रंगही माझा मिळाला. ढग राहू दिले, त्याचं तरी मन किती मोडायचं!

गुरुवार, १३
छापून तयार! एवढा मोठा झाल्यावर एक गोष्ट दिसली. मुठीत पाळण्याचा दांडा गच्च धरलाय मी. हसतेय खरी, पण घाबरलेय केवढी! बघून बरं वाटलं. फ्रेमसाठी तिथंच ठेवला.
घरी सांगितलं, तर ह्यांनी पाठ फिरवून जेवण उरकलं. वाईट वाटलं.

सोमवार, १७
दाखल व्हायला निघतोय. हरेशचा फोन — "काकी, काका सकाळीच येऊन गेले. फ्रेम करूच नको म्हणाले. म्हणाले, लान कर, माज्या खिशान मावंल एवरा."