चौथ्या मजल्यावरची सुखडी

अहमदाबाद,
१६ जानेवारी

प्रिय मोटाभाई,

जय श्रीकृष्ण. भाभींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सुरतेहून पाठवलेलं चिक्कीचं पार्सल पोचलं. तिळाची छान आहे. शेंगदाण्याची माझ्या दाढेला झेपत नाही, म्हणून शेजारच्या मृदुलाबेनना दिली. उत्तरायण नेहमीसारखीच झाली. दोन दिवस गच्चीवर भोंगे केकाटत होते, आणि ज्यांनी मांजाला हातही लावला नाही असे सगळे पुरुष बोटांना पट्ट्या गुंडाळून हिंडत होते. माझी तब्येत ठीक. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण त्याचं मी मनावर घेत नाही.

तुमचे चार फोन येऊन गेले. मी मुद्दाम उचलले नाहीत. रागावू नका. फोनवर तुम्ही इतकं गोड बोलता की माझ्या तोंडून आपोआप ‘हो भाई’ निघून जातं, आणि आपण कशाला हो म्हटलं ते मला ठेवल्यावर कळतं. कागदावर निदान मध्येच उठून चहा टाकता येतो.

आमच्या सोसायटीचे चेअरमन प्रफुल्लभाई तुमच्याशी बोलले, हे मला त्यांनीच सांगितलं. काय बोलले असतील त्याचा अंदाज आहे. आता माझी बाजू ऐका.

भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी पार्किंगमधल्या जिन्याखाली एक कुत्री व्याली. पाच पिल्लं. मग काय विचारता! लहानपणी आपण दोघं थाळी घेऊन ‘कुत्री व्यालीय, शिऱ्याला पीठ द्या’ करत घरोघर फिरायचो, तुम्ही पुढे आणि तूप सांडू नये म्हणून मी मागे, तसंच इथेही झालं. फक्त मुलांना हल्ली शिकवण्या असतात, म्हणून बायका फिरल्या. कोणी पीठ दिलं, कोणी गूळ, दुसऱ्या मजल्यावरच्या केतनने अर्धा डबा साजूक तूप दिलं. शिरा प्रफुल्लभाईंच्या घरी, त्यांच्या स्वतःच्या कढईत झाला. कुत्रीपुढे पातेलं ठेवताना अकरा जणांनी फोटो काढले. त्यातल्या एकाही फोटोत कुत्रीचं तोंड नीट आलेलं नाही, प्रफुल्लभाईंचं आलं आहे.

तीन आठवड्यांनी त्याच केतनने सकाळी गाडी मागे घेतली. दोन पिल्लं जागच्या जागी गेली. तिसऱ्याचा मागचा पाय चेंगरला. केतन खूप हळहळला. गाडी धुवायला पाठवली.

ती तिसरी म्हणजे सुखडी. रंग अगदी गूळ जास्त पडलेल्या कणकेच्या सुखडीसारखा, आणि वडीसारखीच चौकोनी आहे. प्रफुल्लभाईंनी तुम्हाला ‘कुत्रं तुमच्या बेनच्या मागे लागलं’ असं सांगितलं असेल. ते सौजन्य म्हणून. ती मागे लागली नाही, भाई. मी ऑफिसातून येताना खाली बसले, तिला पदरात घेतलं, लिफ्टमध्ये चढले आणि चौथ्या मजल्यावर उतरले. लिफ्टमध्ये मृदुलाबेन होत्या. त्यांनी पदराकडे पाहिलं, मग छताकडे. ‘कोबी घेतलात वाटतं,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘हो, ताजा आहे.’ कोबी तेवढ्यात शिंकला.

आता नियम. सोसायटीत पाळीव प्राणी चालत नाहीत, भाडेकरूंना तर मुळीच नाही. माझ्या करारात चौदावं कलम तेच आहे. आणि ते कलम कोणी टाइप केलं? तुमच्याच बहिणीने. बावीस वर्षं घीकांट्यात दवेसाहेबांच्या नोटरीच्या टेबलापाशी बसून मी हेच करते. मांसाहार नाही, पाहुणे सात दिवसांवर नाहीत, खिळा ठोकायचा नाही, जनावर ठेवायचं नाही. हजारो लोकांच्या घरातून मी कुत्री-मांजरं बाहेर काढली असतील, आणि मध्ये हात थांबवून एकदाही विचार केला नाही की हे कोणाला उद्देशून आहे. स्वतःचा करारसुद्धा जेवणाच्या सुट्टीत, डाव्या हाताने खाखरा खात टाइप केला. सुताराच्या खाटेचं तुम्हाला ठाऊकच आहे, सदा मोडकी.

महिनाभर कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मग घराचे मालक अमेरिकेहून दोन महिन्यांसाठी येणार असं कळलं, आणि कमिटीला एकदम नियम आठवला. गेल्या रविवारी प्रफुल्लभाई आणि आणखी दोघं आले. मी चहा ठेवला. सुखडी प्रफुल्लभाईंच्या मोज्यावर झोपली. त्यांनी पाय हलवला नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

त्यांचं म्हणणं असं, की मुक्या जीवाची दया ते समजतात. त्यांच्या घरात पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची असते. पण दया खालीच शोभते. मी विचारलं, ‘तिच्यासाठी शिरा तर तुमच्याच कढईत झाला होता ना?’

‘बेन, तो पार्किंगमध्ये वाढला,’ ते समजावणीच्या सुरात म्हणाले. ‘खाली आहे तोवर जीवदया. वर आली की उपद्रव.’

त्यांना यात काही विनोदी वाटलं नाही. मीही हसले नाही, कारण ते मनापासून बोलत होते. मनापासून बोलणाऱ्या माणसाला हसलं की तो दुखावतो, आणि दुखावला की ठराव करतो.

मी म्हटलं, खाली ठेवली तर लंगडा पाय घेऊन ती केतनच्या गाडीपुढून पळणार कशी? त्यावर दुसरे गृहस्थ म्हणाले, पांजरापोळात पाठवू, पावती सोसायटी फाडेल, वर तुमचं नाव घालू. मग प्रफुल्लभाईंनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. हमीपत्र. मी कुत्री तीन दिवसांत स्वखुशीने सोडते, पुन्हा ठेवणार नाही. सही केली तर फेब्रुवारीपासून पुढच्या अकरा महिन्यांचं ना-हरकत पत्र लगेच. नाही केली तर महिनाअखेर घर रिकामं.

मी कागद हातात घेऊन बसले. त्यांना वाटलं मी चष्मा शोधतेय. प्रफुल्लभाई अगदी मायेने म्हणाले:

‘तुमच्या मोटाभाईंशी बोललो मी. ते म्हणाले, काळजी करू नका, पन्नाने आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. कागद पुढे ठेवा, ती सही करेल.’

असं म्हणालात का, भाई? विचारत नाही, माहीत आहे. तुमचंच वाक्य आहे, मला आवाजासकट ऐकू आलं. करारात एकट्या बाईसाठी घरातल्या एका पुरुषाचं नाव-नंबर लागतो, म्हणून मी तुमचा दिला होता. तो याकरता वापरला जाईल असं डोक्यात आलं नव्हतं.

आता जे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते ते लिहिते.

नोटरीच्या टेबलावर भाडेकरारांच्या खालोखाल काय येतं माहीत आहे? बहिणींची हक्कसोडपत्रं. भाऊ पुढे, बहिणी मागे. नव्या साड्या नेसून येतात, जणू साखरपुडा आहे. बाकावर ओळीने बसतात. भाऊ सगळ्यांना चहा पाजतो. मी टाइप करते, ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना’. बावीस वर्षांत एकाही बहिणीने ‘यात काय लिहिलंय’ असं विचारलं नाही. सगळ्या एकच विचारतात, ‘सही कुठे करू?’ मला त्यांचं हसू यायचं. घरी येऊन आपल्या आईला, बाला, सांगायचे, आणि तीही हसायची.

सात वर्षांपूर्वी, बाला जाऊन चाळीस दिवस झाल्यावर, तुम्ही आणि भाभी आलात. मणिनगरचं आपलं टेनामेंट, बापूजींचं ते बैठं घर, विकायचं होतं. तुमच्या कारखान्याची अडचण होती, ती खोटी नव्हती. भाभींनी माझ्यासाठी पटोळ्याच्या काठाची साडी आणली होती. तुम्ही म्हणालात, ‘कागद तूच टाइप कर, बाहेरचा कशाला?’ मी केला. माझं नाव, बापूजींचं नाव, घर नंबर, अंगण, पेरूचं झाड, सगळं सवयीने उतरवलं. ‘राजीखुशीने’ टाइप करताना एकही चूक झाली नाही. मग मी वर पाहून म्हटलं, ‘भाई, सही कुठे करू?’

तुम्ही बोट ठेवलंत. तिथे केली.

तेव्हा तुम्ही म्हणालात, सुरतेचं घर तुझंच आहे, कधीही ये. ते खरंही होतं. मागच्या महिन्यात मी सहज विचारलं की आठ दिवस येऊ का, सोबत एक लहान कुत्री आहे, तेव्हा भाभींनी नव्या सोफ्याची अडचण सांगितली. त्यांचंही चुकलं नाही. घर त्यांचं आहे. माझं असतं तर मी सोफा झाकला असता.

हिस्सा परत मागत नाहीये, घाबरू नका. बहीण मागे फिरली तर तो कागद कोर्टात कसा टिकवायचा, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? चांगला भक्कम टाइप केला आहे. झालं ते झालं, आणि बाची सेवा केली तेव्हा काही मिळेल म्हणून केली नव्हती. पण त्या दिवशी मला नाही म्हणायचं होतं, मोटाभाई. संपूर्ण नाही नव्हे. ‘मागची खोली आणि अंगण मला राहू द्या’ एवढंच. ओठांवर होतं. तुम्ही सगळे इतके प्रेमाने बघत होतात की मला ते वाईट दिसेल असं वाटलं. सात वर्षं मी दुसऱ्यांच्या घरांत खिळा न ठोकता राहतेय ती त्या एका लाजेपायी.

म्हणून रविवारी मी प्रफुल्लभाईंचं हमीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मोठ्याने. ‘स्वखुशीने’ हा शब्द आला तिथे थांबले आणि म्हटलं, ‘हे खरं नाही. सही करणार नाही.’

‘बेन, एका कुत्र्यासाठी घर सोडणार?’

‘कुत्रीसाठीच असं नाही,’ मी म्हटलं, ‘पण तिच्यापासून सुरुवात करते.’

हमीपत्राची घडी प्रफुल्लभाईंनी तीनदा घातली. तिघांनी चहा संपवला, कारण अन्न टाकायचं नाही हाही त्यांचा नियम आहे. प्रफुल्लभाईंनी पाय अलगद काढून घेतला, सुखडी जागी झाली नाही.

तेव्हापासून मी घर शोधतेय. अकरा दलालांना ‘एकटी बाई’ चालत होती, ‘कुत्रं’ नाही. चौघांना कुत्रं चालत होतं, एकटी बाई नाही. शेवटी काल अमराईवाडीत मिळालं. जशीबेन नावाच्या भरवाड बाईंची तळमजल्यावरची खोली, पुढे ओटा, मागे त्यांच्या दोन म्हशी. वास आहे, मान्य. मी सुखडीला सोबतच नेलं होतं, उगीच नंतर लपवाछपवी नको. जशीबेननी तिला मानगुटीला धरून उचललं, पाय तपासला, दात बघितले.

‘चावते?’ त्यांनी विचारलं.

‘नाही.’

‘भुंकते?’

‘अजून तरी नाही.’

‘मग ठेवलीय कशाला?’ म्हणाल्या, आणि चावी दिली.

करार मीच टाइप करून नेला. चौदावं कलम गाळलं. जशीबेनना वाचता येत नाही, म्हणून मी प्रत्येक ओळ वाचून दाखवली. त्या कंटाळून म्हशीकडे निघाल्या होत्या, मी त्यांना हाताला धरून बसवलं. घरातल्या पुरुषाच्या नावाची जागा रिकामी सोडली. त्यांनी विचारलं नाही, आणि मी कारण सांगितलं नाही.

तेव्हा आता प्रफुल्लभाईंना फोन करून मध्यस्थी करू नका. पैसे पाठवू नका. भाभींना सोफ्याचं सांगून ओशाळं करू नका. आणि माझ्याविषयी ते वाक्य कोणालाही, कधीही, पुन्हा सांगू नका. एवढं एकच मागते आहे.

येत्या रविवारी टेम्पो सांगितला आहे. सामान फार नाही. बाची शिवणयंत्राची पेटी, दोन कपाटं, एक खाट. तुम्हाला यावंसं वाटलं तर या. जेवायला खिचडी-कढी असेल. ओट्यावर बसू, आणि जे फोनवर बोलता येत नाही ते बोलू. नाही आलात तरी मी सामान लावून घेईन. आलात तर चपला उंचावर ठेवा. सुखडीला दात येताहेत, आणि समोरचा माणूस मोठा भाऊ आहे की आणखी कोण, याचा विचार ती करत नाही.

हे पत्र मी टाइप केलेलं नाही, हाताने लिहिलं आहे. सही कुठे करायची ते या वेळी कोणाला विचारलं नाही.

तुमचीच बेन,
पन्ना