अर्ध्या जहाजाचा दोर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, नौदलाच्या बचाव टगबोटीवरचा माजी दोरवाला, आज सकाळी पोटभर न्याहारी करून, चष्मा पुसून आणि डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेऊन हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. बायको "एकदाचं लिहून टाका" एवढेच म्हणते, तेही गेली अकरा वर्षे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी खोटे लिहिले होते.

कलम १. छत्री दुरुस्तीच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या आणि व्हरांडा बायकोला, तिच्यामागे मुलीला. छपराची गळती वेगळी लिहून देत नाही, ती आपोआप मिळेल. बँकेतली ठेवही बायकोची. पासबुक कुठे आहे ते तिलाच माहीत, मला कधी कळू दिलेले नाही.

कलम २. धाकट्या भावाला टगबोटीचा फोटो. त्याने तो दिवाणखान्यात लावावा आणि खाली स्पष्ट अक्षरांत 'टगबोट' असे लिहावे. गेली पन्नास वर्षे तो लोकांना सांगत आला आहे की दादा लढाऊ जहाजावर तोफ चालवायचा. आमच्याकडे एक तोफ होती, हे खरे. तिच्यासाठी आलेले गोळे मात्र दुसऱ्याच तोफेचे होते. आम्ही तक्रार केली, तेव्हा "गोळ्यांना बसेल अशी तोफ पाठवत आहोत" असे उत्तर आले आणि ती येण्याआधी युद्ध संपले. तोवर स्वयंपाकी त्यातला एक गोळा दाराला टेकण म्हणून वापरत होता. आमचे काम साधे होते. बाकीची जहाजे जिथून पळ काढत तिथे आम्ही जायचो आणि फुटलेले जहाज दोराला बांधून बंदरात आणायचो.

कलम ३. जावईबापूंना पितळी पाटी, जिच्यावर 'इंजिनकडे' असे लिहून बाण काढला आहे. ती कुठून आली हे ते दर पाहुण्याला वेगवेगळे सांगतात, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी पाणसुरुंगाने एका मालवाहू जहाजाचे दोन तुकडे केले. मागच्या तुकड्यात इंजिन, इंजिनिअर आणि सगळे धान्य होते. तो तुकडा उलटा चालत स्वतःच दुसऱ्या एका बंदरात गेला. पुढच्या तुकड्यात कप्तान, नकाशे, रंगाचे डबे आणि अठरा माणसे उरली. आम्ही पोचलो तेव्हा ही पाटी एका भिंतीवर शाबूत होती आणि बाण सरळ समुद्राकडे होता.

त्यांच्या कप्तानाला आम्ही 'अर्धे कप्तान' म्हणू लागलो, पण माणूस पुरा होता. आम्ही दोर बांधला, तरी ते दर तासाला घंटा वाजवून इंजिनला हुकूम द्यायचे. आमच्या कप्तानाने कर्ण्यातून विचारले, "साहेब, इंजिन कुठंय तुमचं?"

"ते गेलं, म्हणून शिस्त पण गेली का?" ते ओरडले.

त्यांना पाव आम्ही दोरीवरून बादलीने पाठवत असू.

कलम ४. कुऱ्हाड मुलीला. हे कलम नीट वाचावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शत्रूचे विमान आले. असे झाले तर दोर तोडून टगबोट वाचवायची, असा नियम होता. आमचे कप्तान ओरडले, "तोड दोर!" मी कुऱ्हाड उचलली. सरकारी अहवालात लिहिले आहे की कुऱ्हाड बोथट होती. आजवर मीही तेच सांगत आलो. कुऱ्हाडीला उत्तम धार होती, त्याच सकाळी मी लावली होती.

मी एक घाव घातला. दोर तीन पिळांचा होता, त्यातला एक तुटला. दुसरा घाव घालायला हात वर नेला, तर समोरच्या अर्ध्या जहाजावर त्यांचा बिनतारीवाला मोजे वाळत घालताना दिसला. विमान डोक्यावर घिरट्या घालत होते आणि हा माणूस मोज्यांच्या जोड्या लावत होता. माझा हात खाली आला.

"काय झालं रे?" कप्तान ओरडले.

"धारच नाही, साहेब!"

"मग जोरात मार!"

मी कुऱ्हाड उलटी धरून शेजारच्या लोखंडी खुंटावर जोरजोरात मारत राहिलो. विमानाने दोन फेऱ्या मारल्या आणि ते निघून गेले. हे जहाज आधीच कोणीतरी बुडवले आहे, असे त्याला वाटले असावे.

तुटलेल्या पिळावर मी गोणपाट गुंडाळले आणि पुढचे तीन दिवस त्याच्या शेजारी बसून काढले. दोर करकरला की मी गोणपाट आणखी घट्ट आवळी. बंदरात पोचल्यावर अधिकारी जहाज आत घेईनात, कारण फॉर्मवर जहाजाचे मागचे टोक पाण्यात किती खोल आहे ते भरायचे होते. अर्धे कप्तान चार दिवस भांडले आणि शेवटी त्या रकान्यात 'दुसऱ्या बंदरात चौकशी करावी' असे लिहून आत आले. मला कुऱ्हाड बोथट ठेवल्याबद्दल शिक्षा झाली. गोदीतल्या त्रेचाळीस कुऱ्हाडींना मी धार लावली.

कलम ५. तो बिनतारीवाला पुढे आमचे आभार मानायला घरी आला, येताना बहिणीला घेऊन आला आणि माझा मेव्हणा झाला. वकील म्हणतात, साक्षीदाराला काही देऊ नये. म्हणून मेव्हण्याला काही देत नाही आणि साक्षीदारही त्यालाच करतो. त्याची सही मला हवी आहे. एकदा ज्या दोराला तो बांधलेला होता, त्यावर घाव घालणारा मीच, हे त्याला ठाऊक असायला हवे. बायकोलाही. घाव एकच घातला, हे मी स्वतःच्या बाजूने मांडत नाही. दुसरा घाव घालायला हात वर गेलाच होता.

वरील मजकूर आज मेव्हण्यासमोर आणि बायकोसमोर वाचून दाखवला. त्यानंतर जे बोलणे झाले तेही सही करण्याआधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी मीठमसाला लावणार नाही.

बायकोने माझा थंड झालेला चहा उचलून नेला आणि गरम करून आणून ठेवला.

मेव्हण्याने टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "किती पीळ तुटले म्हणालात, भावोजी?"

"एक."

"मग दोन होते की."

"होते."

"तुम्ही तीन दिवस झोपला नव्हता तेव्हा. आम्हाला वाटायचं, टगबोटीवरचा तो माणूस वेडा आहे, दोराशी बोलतो." त्याने पेन उघडले. "म्हणून का इतकी वर्षं माझ्याशी बुद्धिबळात मुद्दाम हरत होतात?"

"नाही रे. ते खरंच हरत होतो."

"बरं," तो म्हणाला, "सही कुठं करू?"

लिहून ठेवणार: माजी दोरवाला (सही)

साक्षीदार पहिला: मेव्हणा, माजी बिनतारीवाला (सही)

साक्षीदार दुसरा: डॉक्टर (सही, शिक्का दवाखान्यात राहिला, उद्या मारतो)

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल

दिनांक: ९ मार्च, सोमवार