अर्थिंगचं पाणी

चौथा ब्लॉक निघेना तेव्हा पहार तिथेच टाकली आणि हात न धुता आत येऊन लिहायला बसलो, आई. अंगणात आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत, लाल आणि करडे, एकमेकांत अडकलेले. पहिला काढायला त्रास होतो, मग बाकीचे आपोआप सुटतात, असं बसवणारा म्हणाला होता. माझे तीन सुटले आणि चौथा अडून बसला. मी खणतोय ती जागा तुला डोळे मिटून सापडली असती. मीटरच्या खाली, तुळशीच्या मागे. पण तुळस आता गच्चीवर कुंडीत आहे, मीटर जिन्याखाली गेले आहेत, आणि मला जागा अंदाजाने ठरवावी लागली. काकी, तुझी धाकटी जाऊ, पलीकडच्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. ती ओरडली, "काय रं, सोनं पुरलंय व्हय तुझ्या आयनं?"

"अर्थिंग बघतोय, काकी."

"बघ की. पर मास्तर, पहार आशी धरत्यात व्हय? खडू न्हाई त्यो."

त्या खड्ड्याची गोष्ट तुला नव्याने सांगायची गरज नाही, पण मला ती एकदा सरळ लिहायची आहे, कारण आजवर मी ती फक्त लोकांना हसवायला सांगितली. मी शाळेत होतो. घरात मिक्सर आला होता, स्टीलच्या अंगाचा, जड. तू त्यावर चटणी वाटायचीस आणि मधेच हात झटकायचीस. "चावतोय ह्यो," म्हणायचीस. मी तुला सुधारायचो. मिक्सर चावत नाही, करंट लागतो. मग गळणारा करंट जमिनीत उतरावा म्हणून गावातल्या वायरमनने पुरुषभर खड्डा घेतला, त्यात पाइप उभा केला, कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, वर सिमेंटचं कडं आणि झाकण बसवलं. जाताना म्हणाला, "वहिनी, भुई वली ऱ्हायला पायजे. उन्हाळ्यात रोज तांब्याभर पानी सोडा, न्हाईतर पुन्यांदा चावंल." त्याने उन्हाळा म्हटलं होतं. तू बारा महिने सोडलंस. अंघोळ करून तुळशीला अर्धा तांब्या, झाकण बाजूला करून तिथे अर्धा. श्रावणात अंगण वाहत असायचं तेव्हाही. मी एकदा विचारलं, पावसात कशाला? तू म्हणालीस, "सवय मोडंल."

कॉलेजातले मित्र पुण्याहून आले तो दिवस. ते ओट्यावर बसलेत, तू तांब्या घेऊन वाकली आहेस, आणि त्यांच्यातला एक विचारतो, हा कुठला देव? मी म्हणतो, वीजदेव. नवसाला पावतो. सगळे हसतात. तू झाकण नीट बसवतेस, आत जातेस, त्यांना भाकरी आणि पिठलं वाढतेस, दुसऱ्यांदा वाढताना आग्रह करतेस. ते गेल्यावर स्वयंपाकघरात भांडी विसळताना तू मला हाक मारलीस. "हसाया काय जातंय? ये हितं. मिक्सरला हात लावून बघ." मी पुस्तक वाचत होतो. "ऊठ म्हनते ना." मी उठलो नाही. तू परत सांगितलं नाहीस. पुढे मी कॉलेजात मराठीचा शिक्षक झालो आणि वीजदेवाचा हा किस्सा स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा सांगितला. तू होतीस तेव्हाही, गेल्यावरही. तुझा आवाज मला चांगला काढता येतो. लोक हसतात.

तू गेल्यानंतर रस्त्याकडची भाताची खाचरं गेली. घरावर मजले चढले, खोल्या निघाल्या, आणि हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलंमुली भाड्याने राहायला आली. बांधणाऱ्याने साऱ्या खोल्यांची अर्थची तार तुझ्याच खड्ड्याला आणून जोडली. "जुनं हाय ते पक्कं हाय," म्हणाला. पाणी कोणी घालत नव्हतं. पावसाळे तेवढे त्याला मिळत होते. मग भाडेकरूंच्या गाड्या चिखलात उभ्या राहतात म्हणून मी ब्लॉक बसवून घेतले. खाली खडीची भुकटी, तिच्याखाली ते झाकण. नंतर पावसाचं पाणीही वरच्या वर गटाराला जाऊ लागलं. अंगण फार छान दिसत होतं. मी त्याचे फोटो काढले.

दिवाळीच्या आधी वरच्या शेवटच्या खोलीत एक मुलगी राहायला आली. नांदेडकडची, कंपनीत नोकरी, बोलायला शांत. तिच्याकडे एक वाद्य आहे, सिंथेसायझर, ती नुसतं सिंथ म्हणते. कुणाकडून तरी जुना घेतलेला, पत्र्याच्या अंगाचा, पट्ट्या कमी आणि गोल बटणं पुष्कळ. त्यात आधी भरून ठेवलेले आवाज नसतात. वीज कमीजास्त करून प्रत्येक सूर तिथल्या तिथे तयार करायचा असतो, म्हणून विजेत जरा गडबड झाली तरी सूर हलतो. ती सुट्टीच्या दिवशी वाजवायची. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाली, "काका, थोडं बोलायचं होतं. माझा सिंथ चावतोय मला."

मी म्हणालो, "चावतोय?" ती म्हणाली, "शॉक नाही हो. मुंग्या. दाखवू का?"

वर गेलो. स्पीकरमधून एक जाड, सलग घुं येत होता. तिने एक पट्टी दाबून धरली, तर सूर सरळ न राहता बारीक थरथरत होता, तापात बोलणाऱ्या माणसासारखा. मग तिने डावा तळहात पत्र्यावर ठेवला, घुं खाली गेला. हात काढला, वर आला. "म्हणून मी एकाच हातानं वाजवते," ती म्हणाली. "दुसरा असा ठेवावा लागतो. हसू नका." मी हसलो नाही. "तुम्ही बोटाची मागची बाजू फिरवून बघा." मी फिरवलं. पत्रा गुळगुळीत होता आणि बोटाला खरखरीत लागत होता, बारीक वाळू पसरल्यासारखा. आई, तू सांगितलं होतंस ते मी तेव्हा केलं. हात लावून बघितला. आणि त्याच क्षणी मला खड्डा आठवला, झाकण आठवलं, त्यावरचे ब्लॉक आठवले. मला शोधायचं काही उरलंच नव्हतं.

मी म्हणालो, "वाद्य जुनं आहे तुझं. आतून काहीतरी सुटलं असेल."

त्यानंतरचे महिने ती शोधत होती आणि मी बघत होतो. तिने केबल बदलल्या. प्लग या भिंतीतून त्या भिंतीत नेला. वाद्य लाकडी पाटावर ठेवलं. लॅपटॉपचा चार्जर काढला की सूर बराच सरळ होतो, हे तिला सापडलं, आणि ती इतकी खूश झाली की मला सांगायला खाली आली. चार्जर नव्हता तरी घुं होताच. मग तिच्या लक्षात आलं की दुपारी तो कमी असतो आणि संध्याकाळी वाढतो. "लोक घरी आले की वाढतो, काका. गंमत आहे ना?" गंमत नव्हती. सगळ्या खोल्यांची अर्थची तार एक. प्रत्येकाच्या फ्रिजमधून, चार्जरमधून, वॉशिंग मशिनमधून थोडी वीज गळते, ती त्या तारेने जमिनीत जायची असते. जमिनीचा रस्ता बंद होता. साऱ्या घराची ती गळती तारेत तुंबून राहिली होती आणि तिच्या पत्र्यावर जाणवत होती. मुंग्यांनी माणूस मरत नाही. पण एखाद्या खोलीतला गिझर आतून बिघडला असता, तर पूर्ण करंट त्याच तारेने सगळ्यांच्या गिझरपर्यंत गेला असता. खालच्या खोलीत एक जोडपं आहे, त्यांना तान्हं बाळ आहे. हे मला माहीत होतं, आणि मी तिला तिसरी पिन नसलेला प्लग आणून दिला. म्हटलं, "हा लावून बघ." अर्थच्या तारेपासून वाद्य सुटलं, घुं थोडा कमी झाला. तिने माझे आभार मानले.

मी का बोललो नाही, ते मी स्वतःला बरेच दिवस वेगळं सांगत होतो. नवे ब्लॉक उखडावे लागतील. भाडेकरू घाबरतील, सोडून जातील. हे खरं आहे, पण थोडंच. खरं असं की मला त्या शिकलेल्या मुलीसमोर एक वाक्य बोलायचं नव्हतं: माझी आई तिथे रोज पाणी घालायची. ते वाक्य मनात आलं की मागोमाग ओट्यावरचं हसू ऐकू यायचं, आणि ते मीच सुरू केलेलं होतं. इतक्या वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, मला तुझी लाज वाटली. ती झाकायला मी एका तान्ह्या बाळाला त्या तारेवर ठेवलं.

तिने वाद्य शहरात दुरुस्तीला नेलं. दुरुस्त करणाऱ्याने सगळं उघडून बघितलं आणि काही बिघाड नाही म्हणून परत दिलं. मग एका रविवारी ते महाळुंग्याला मैत्रिणीकडे घेऊन गेली. परत आल्यावर जिन्यात भेटली. "काका, महाळुंग्याला गप्प असतं हो ते. एकदम गप्प. सूर पण सरळ."

"तिकडे व्होल्टेज चांगलं असेल," मी म्हणालो.

ती वाद्य सावरत वर निघाली. "असेल," म्हणाली.

काल ती सांगायला आली की खोली सोडते आहे, मैत्रिणीकडेच राहायला जाते. मी विचारलं, का गं? "ऑफिस जवळ पडतं तिकडून." आपल्या गच्चीवरून तिच्या कंपनीची काच दिसते. तिलाही ते माहीत आहे. ती माझी लाज राखत होती. ती गेल्यावर मी माळ्यावरून वडिलांचा टेस्ट लॅम्प काढला, होल्डरला दोन वायरी असलेला तो बल्ब. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला. अंधार. बल्बातली तारसुद्धा लाल झाली नाही. आज कॉलेजला रजा टाकली आणि पहार घेतली.

पुन्हा लिहितोय. मधे जाऊन आलो. चौथा ब्लॉक काकीने सांगितलेल्या बाजूने निघाला. "तिरका घाल, तिरका. आडमुठं असतं ते तिरकं धरावं." झाकण सापडलं. आत पाइपाभोवती माती नव्हतीच म्हण, राख झाली होती. पाइपाला पट्टी जिथे बोल्टने आवळलेली होती तिथे गंजाचा गोळा झाला होता. मेन स्विच बंद केला, बोल्ट सोडवला, कानशीने दोन्ही तोंडं घासली, नवा बोल्ट आवळला. मग पाणी. पहिली बादली ओतली तशी गेली, आवाज करत. दुसरी गेली. काकी भिंतीपाशी येऊन बघत होती. "गटारीला तर जात न्हाई ना रं ते? बघ आधी." गटाराला जात नव्हतं. नळ लावून ठेवला. उन्हं उतरल्यावर मेन चालू करून बल्ब पुन्हा फेज आणि अर्थमध्ये धरला. मंद, तांबूस, पण पेटला. एवढ्यावर भरवसा ठेवता येणार नाही. पाइप आता जुना झाला, नवीन खड्डा घ्यावा लागेल. इलेक्ट्रिशियन परवा येतो म्हणाला.

काकी जाताना म्हणाली, "तुझी आय ग्येली त्या साली म्या घातलं दोन-चार म्हयनं पानी हितं. मग ऱ्हायलं." ती यावर कधी हसली नव्हती. मी विचारलं नव्हतं, म्हणून मला कळलं नव्हतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. एक राहिलं. दुपारी मी खड्ड्यात गुडघ्यावर बसलो होतो तेव्हा ती मुलगी वरून कठड्यावर वाकली आणि म्हणाली, "काय चाललंय काका? मदत करू का?" झाकण माझ्या हातात होतं, आई. मी म्हणालो, "पाण्याचा पाइप गळतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. गाद्या, टेबल, पुस्तकांचे खोके आधी चढले. वाद्य तिने चादरीत गुंडाळून स्वतःच्या हातात ठेवलं होतं, त्यामुळे ते आता आपल्या घरात गप्प बसतं का, ते वाजवून बघता आलं नाही. मी तिला खड्डा दाखवला, आणि तू तिथे पाणी घालायचीस हे सांगितलं, आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं हेही. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, काका. महाळुंग्याहून आले तेव्हाच." मग खालच्या खोलीकडे बघून म्हणाली, "ताईंना सांगितलं का? त्या आता बाळाला अंघोळ घालतील." मी नाही म्हणालो. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, पण ती चढली नाही, वाद्य धरून तिथेच उभी राहिली. मी जाऊन खालच्या खोलीचं दार वाजवलं.